शनवार तेल्यांचा कवी

सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या सडकेवर आमचे तामलवाडी हे गाव आहे. कोजागिरीच्या सुमारास आईच्या दर्शनाला पायी निघालेल्या माणसांची रीघ रात्रंदिवस आमच्या दारावरून जाते, तेवढी एकच काय ती आमची प्रसिद्धी. अशा गावच्या एका निवृत्त मास्तराने मुंबईच्या ज्यू कवीविषयी, आणि तोही इंग्रजीत लिहिणारा, तुमच्यापुढे बोलायला बसावे, हे तुम्हाला जरा चमत्कारिक वाटेल. पण माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती भर वर्गात झाली, म्हणून तिची दुरुस्तीही चारचौघांत व्हावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

झाले असे, की मी वर्गात निस्सीम एझिकेल यांची विंचवाच्या रात्रीची कविता शिकवीत होतो. 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' तिचे नाव. आमच्याकडच्या पोरांना विंचू काही पुस्तकातून शिकवावा लागत नाही. कडब्याच्या गंजीखाली, सरपणात, पडक्या भिंतीच्या भेगेत तो हक्काने राहतो. कविता निम्मी झाली नाही तोच एका मुलीने आपल्या आजीला विंचू चावल्याची सगळी हकीकत सांगितली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी नाथांचे विंचवाचे भारूड सुरू केले. इंग्रजीच्या तासाला एवढी जान मी आधी कधी पाहिली नव्हती. मग एका मुलाने विचारले, "सर, हे एझिकेल कोण?" मी म्हटले, "मुंबईचे ज्यू." तो म्हणाला, "म्हणजे परदेशी?" आणि मी खडू खाली ठेवता ठेवता बेधडक "हो" म्हणून मोकळा झालो.

ही ती चूक. आता दुरुस्ती ऐका.

अलिबागजवळ नवगाव म्हणून एक गाव आहे. फार जुन्या काळी तिथल्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांचा वंश पुढे कोकणात पसरला, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा आहे. ही घटना कोणत्या शतकातली यावर पंडितांत एकमत नाही, आणि आपल्याला त्या वादात शिरायचेही कारण नाही. एवढे खरे की हे लोक कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत शतकानुशतके राहिले, मराठी बोलले, आणि आपण ज्या गावी राहिलो त्या गावाच्या नावाला 'कर' लावून दिवेकर, पेणकर, राजपूरकर, किहीमकर झाले. त्यांचा धंदा कोणता? तर तेलाचा घाणा. आपल्या भागात करडईचे घाणे होते, तेव्हा बैल केव्हा जुंपायचा आणि केव्हा नाही याचे नेम तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असतील. कोकणात हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत. हे लोक शनिवारी ठेवीत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. आपण शनिवार का पाळतो याचे शास्त्र त्यांच्यापाशी फारसे उरले नव्हते. ग्रंथ हरवले होते. मुलांची सुंता, शनिवारची सुटी, मासे खाताना खवल्याचा आणि बिनखवल्याचा भेद, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना, एवढ्या शिदोरीवर त्यांनी आपला धर्म टिकवून धरला होता. आणि गंमत बघा, त्यांच्यावर धर्म सोडा म्हणून कुणी तलवार उपसली नाही, की शनिवारी घाणा का बंद म्हणून कुणी जाब विचारला नाही. ज्यू लोकांच्या युरोपातल्या कहाण्या वाचल्या म्हणजे कोकणातल्या या साध्या शेजारधर्माचे मोल कळते.

पुढे इंग्रजी अमलात ही मंडळी पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत शिरली आणि मुंबईला आली. १७९६ साली सॅम्युएल एझिकेल दिवेकर या फौजेतल्या अंमलदाराने मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. वल्हांडणाच्या सणाचा विधी एकोणिसाव्या शतकातच मराठी भाषांतरासह छापला गेला. एवढेच काय, १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तने होऊ लागली. अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने, आणि भाषा, चाली, सारा थाट आपल्या हरिदासाचा! असे हे 'परदेशी' लोक.

या समाजात १६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत निस्सीम एझिकेल यांचा जन्म झाला. वडील मोझेस एझिकेल विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते; आई स्वतः एक शाळा चालवीत असे. घाणा मागे पडून दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या आणि त्याच्याबरोबर मराठीही घराच्या माजघराकडे सरकली होती. मुलगा वाढला तो इंग्रजी पुस्तकांत. त्याला घातले रोमन कॅथलिक शाळेत. पुढे १९७६ च्या संग्रहातल्या 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या आत्मचरित्रपर कवितेत त्यांनी त्या दिवसांचे चित्र काढले आहे. ख्रिस्ती पोरे येशूच्या वधाचा ठपका या किडकिडीत ज्यू मुलावर ठेवीत, आणि त्याच वर्षी बायबलच्या परीक्षेतले बक्षीस हाच पटकावी. वाचताना हसू येते. पण त्या पोराला त्या वेळी हसू आले नसेल.

विल्सन कॉलेजातून ते १९४७ साली इंग्रजी घेऊन एम. ए. झाले. त्याच सुमारास मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा त्यांच्यावर पगडा होता. आपल्याकडे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्या रॉय यांच्या सहवासात आले तेच हे रॉय. देव, जात, धर्म, राष्ट्र सगळेच बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहायचे, हा तो पंथ. तेव्हा हा तरुण पोथीतला ज्यू उरला नव्हता, हे ध्यानात ठेवा.

१९४८ च्या अखेरीस ते लंडनला गेले. तिकिटाचे पैसे दिले मित्राने. इब्राहिम अल्काझी हा तो मित्र. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून ज्यांचे नाव झाले तेच हे, पुण्यात जन्मलेले अल्काझी. लंडनला बर्कबेक कॉलेजात एझिकेल तत्त्वज्ञान शिकले. राहत होते तळघरातल्या एका खोलीत. पैसा नाही, थंडी मात्र भरपूर. तीन-साडेतीन वर्षे अशी काढून १९५२ साली ते परतले. ते कसे परतले, हे ऐकण्यासारखे आहे. भाड्याला पैसे नव्हते, म्हणून इंडोचायनाकडे फ्रेंच तोफा घेऊन निघालेल्या एका मालवाहू जहाजावर त्यांनी काम धरले आणि डेक घासत घासत मुंबई गाठली. मला ही गोष्ट फार आवडते. कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचे पूर्वज आले तेही जहाजानेच. पण ते फुटलेल्या जहाजातून दैवाने आले होते. हा गडी हातात झाडू घेऊन, स्वतः ठरवून आला.

त्याच साली लंडनच्या फॉर्च्यून प्रेसने त्यांचा पहिला संग्रह 'अ टाइम टु चेंज' काढला. त्यापूर्वीच्या भारतीय इंग्रजी कवितेचा मासला तुम्ही शाळेत वाचला असेल. सरोजिनी नायडूंच्या पालख्या, गजरे आणि बांगडीवाले; किंवा अरविंदांचे 'सावित्री' हे महाकाव्य. त्यांची थोरवी मी नाकारीत नाही. पण ती भाषा कुणी घरात बोलत नव्हते. एझिकेल यांनी काय केले? शहरातला नोकरदार माणूस, त्याचा संसार, त्याची वासना, त्याचा कंटाळा, त्याचा पश्चात्ताप, हा ऐवज कवितेत आणला, आणि भाषा ठेवली साधी, मोजकी, गप्पांत शोभेल अशी. फुलोरा नाही, उसासे नाहीत. स्वतःकडे तिरकस नजरेने पाहण्याची खोड मात्र आहे. यालाच नवकविता म्हणतात.

मराठी वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे तेच काम मर्ढेकर करीत होते. 'काही कविता' हा त्यांचा संग्रह १९४७ चा. तेही लंडनला जाऊन आले होते. नोकरी त्यांनी रेडिओखात्यात केली, म्हणून या पुस्तिकेत त्यांचे नाव घेताना मला विशेष बरे वाटते. पिंपात मेलेल्या उंदरांवर कविता लिहिली म्हणून मर्ढेकरांवर केवढे काहूर उठले! एका शहरात, एकाच दशकात, दोन भाषांत दोन माणसे काव्याच्या अंगावरचे दागिने उतरवीत होती, आणि शाळा-कॉलेजांतून मात्र ती दोन वेगवेगळ्या कपाटांत ठेवली गेली. एक मराठीचे कपाट, एक इंग्रजीचे. मी स्वतः मर्ढेकर वाचले तेव्हा एझिकेल कोण हे मला ठाऊक नव्हते, आणि एझिकेल शिकवले तेव्हा मर्ढेकर आठवले नाहीत.

पुढचा नोकरीधंदा थोडक्यात सांगतो. 'इलस्ट्रेटेड वीकली'मध्ये उपसंपादक. मग 'शिल्पी' या जाहिरात संस्थेत मजकूर लिहिणे. १९५५ साली निघालेल्या 'क्वेस्ट' या वैचारिक नियतकालिकाचे पहिले संपादक. १९६१ पासून मिठीबाई कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख. १९७२ पासून मुंबई विद्यापीठात. मध्ये 'टाइम्स'साठी चित्रकलेवर लिहिले, 'पोएट्री इंडिया' हे त्रैमासिक चालवले, नाटके लिहिली. लीड्स आणि शिकागो इथे पाहुणे प्राध्यापक म्हणून जाऊन आले, पण जाऊन आले, राहिले नाहीत. न्यू मरीन लाइन्सवरच्या थिऑसॉफी हॉलमध्ये पी. ई. एन. या लेखकसंस्थेची कचेरी होती. तिथे त्यांच्या टेबलाशी वर्षानुवर्षे नवे कवी आपापल्या वह्या घेऊन बसत आणि हे पेन्सिल हातात घेऊन ओळी तपासत. मुंबईतल्या इंग्रजी कवींच्या पुढच्या पिढीने त्यांचे हे ऋण मानले आहे. मास्तरकीचा धंदा केलेल्या माणसाला त्या पेन्सिलीचे महत्त्व कळते.

आता त्या विंचवाकडे येऊ. ही कविता १९६५ च्या 'द एक्झॅक्ट नेम' या संग्रहातली. पुढे ती भारतातल्या आणि इंग्लंडातल्याही शाळांच्या पुस्तकांत गेली. पावसाने आत आलेला विंचू तांदळाच्या पोत्याखाली दडतो, आईला चावतो आणि पळतो. शेजारीपाजारी कंदील, मेणबत्त्या घेऊन गोळा होतात. ते विंचू शोधतात, देवाचे नाव घेतात, आणि या वेदनेने मागच्या जन्मीचे पाप जळेल, पुढच्या जन्मीचे दुःख कमी होईल, असे बाईला समजावतात. वडील पडले बुद्धिवादी. पण त्या रात्री तेही भुकटी, काढा, पाला, जे सापडेल ते करून पाहतात. चावलेल्या अंगठ्यावर रॉकेलसारखे तेल ओतून काडीसुद्धा लावतात. मांत्रिक येतो, मंत्र घालतो. वीस तासांनी विष उतरते. आणि आई, जी इतका वेळ नुसती तळमळत होती, ती पोरांना सोडून विंचवाने आपल्याला धरले याबद्दल देवाचे आभार मानते. संपली कविता.

(जाता जाता एक सांगतो. विंचवाचे विष कसे उतरवावे याचे खरे शास्त्र आपल्याच मुलखाने जगाला दिले. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन नावाचे औषध वापरून शेकडो माणसे वाचवली. तेव्हा विंचू चावला तर कविता बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.)

या कवितेत त्या खेडुतांची टर उडवली आहे, असे काही टीकाकार म्हणतात. मला तसे वाटत नाही. टर उडवायची असती तर शहाण्या बापाला कवीने सुखरूप बाजूला उभे केले असते. इथे तोही तेल ओतून काडी लावतो! शेजाऱ्यांचे शब्द आईच्या वेदनेपुढे पोकळ आहेत. पण ते आले आहेत, चिखल तुडवत आले आहेत, आणि रात्रभर बसले आहेत. आमच्या गावात अजून कुणाला काही झाले तर असेच लोक जमतात, असेच नाही नाही ते उपाय सुचवतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातला अडाणीपणा दिसेल; ज्याची आई खाटेवर आहे त्याला ती माणसेही दिसतात. एझिकेल यांना दोन्ही दिसले.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र माझी त्यांच्याशी तक्रार होती. भारतीय माणूस जसे इंग्रजी बोलतो त्या इंग्रजीत त्यांनी काही विनोदी कविता लिहिल्या आहेत. मिस पुष्पांच्या निरोपसमारंभाची कविता त्यातली सर्वांत गाजलेली. प्रत्येक क्रियापदाला 'इंग' लावणारा वक्ता, विषय सोडून भरकटणारे भाषण. सभागृहे हसून लोटपोट होत म्हणे. पण मी म्हणजे "आय ॲम नोइंग हिम" म्हणत नोकरीला लागलेला मास्तर. मला ते हसू झोंबले. 'मी ओळखतो आहे' हे आमच्या जिभेवरचे वळण. ते इंग्रजीत उतरले तर त्यात एवढे हसण्यासारखे काय? पुष्कळ दिवस मी त्या कवितांकडे पाठ फिरवून बसलो. पुन्हा वाचल्यावर माझा राग निम्मा उतरला. त्या भाषणातला माणूस भाबडा आहे, पण लबाड नाही. त्याला बाईंचे कौतुक मनापासून करायचे आहे आणि भाषा हातात सापडत नाही. उरलेला निम्मा राग मी राखून ठेवला आहे. इंग्रजीत वाढलेल्या माणसाने इंग्रजीत अडखळणाऱ्याची गंमत करावी, हे मला पुरते पचलेले नाही.

आता मूळ प्रश्न. परदेशी, की आपले? १९४८ साली इस्राएलचे राज्य झाले आणि बेने इस्राएल समाज हळूहळू तिकडे जाऊ लागला. स्वातंत्र्याच्या वेळी जे वीस हजारांच्या घरात होते, त्यांतले आज इथे काही हजारच उरले. तिकडे गेलेल्यांची कहाणीही सरळ नाही. तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली की हे खरे ज्यू तरी आहेत काय. लग्ने अडली, निदर्शने झाली, आणि १९६४ साली सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले तेव्हा ते प्रकरण निवळले. मुंबईच्या शाळेत ज्यू म्हणून चिडवले, आणि जेरुसलेमला ज्यू नाही म्हणून अडवले! तरी त्यांनी तिकडे मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचे नियतकालिक काढले.

निस्सीम एझिकेल गेले नाहीत. का नाही, हे त्यांनी एका लेखात स्वच्छ सांगितले आहे. व्ही. एस. नायपॉल यांचे भारतावरचे कडवट पुस्तक १९६४ साली आले. घाण, गरिबी, ढोंग यांची त्यात जंत्री आहे. एझिकेल यांनी १९६५ साली त्याला उत्तर लिहिले. 'नायपॉल यांचा भारत आणि माझा' असा त्या लेखाच्या नावाचा अर्थ. त्यांनी देशाची वकिली केली नाही. नायपॉल यांनी दाखवलेले दोष बव्हंशी खरे आहेत, असेच ते म्हणतात. आपण हिंदू नाही, म्हणून जन्मानेच थोडे बाहेरचे आहोत, हेही मान्य करतात. फरक एवढाच सांगतात, की नायपॉल पाहून निघून गेले, आणि आपल्याला इथेच राहायचे आहे. दुसऱ्या कुठल्याही देशात आपण परके, इथे भारतीय. अठरा वर्षांचे असताना आयुष्यात काय करणार असे एका मित्राने विचारले, तेव्हा भारतासाठी काहीतरी करायचे आहे असे उत्तर आपण दिले होते, ही आठवणही ते त्या लेखात स्वतःच्याच भाबडेपणाला हसत सांगतात. 'बॅकग्राउंड, कॅज्युअली'चा शेवटही याच निश्चयाशी येतो: लोक दूरची ठिकाणे निवडतात, आपण आपले हे मागासलेले ठिकाण निवडले.

हा निश्चय त्यांना रोज नव्याने करावा लागला असावा, असे मला वाटते. तुमचे माझे तसे नाही. तामलवाडीत जन्मलो, तामलवाडीत राहिलो, यात मी काय निवडले?

१९८२ साली 'लॅटर-डे साम्स' हा संग्रह आला आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. बायबलातल्या जुन्या स्तोत्रांशी त्यात त्यांनी हुज्जत घातली आहे. दुष्टांचा नाश आणि सज्जनांची भरभराट ही तिथली भाषा त्यांना पटत नाही. पण पटत नाही म्हणून ते पोथी मिटूनही टाकत नाहीत. शिदोरीपुरता धर्म जपणाऱ्या त्या तेल्यांचा हा नातू. त्याने शिदोरी उघडून एकेक जिन्नस वास घेऊन पाहिला. १९८८ साली पद्मश्री मिळाली. शेवटची वर्षे मात्र वाईट गेली. स्मृतिभ्रंशाने एकेक शब्द, एकेक माणूस नेले. ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईतच ते वारले.

एक गोष्ट सांगायची राहिली. सत्तरच्या दशकात वृंदा नाबर यांच्याबरोबर बसून त्यांनी बेळगावच्या इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत उतरवल्या आणि त्यांचे पुस्तक झाले. माजघराकडे सरकलेल्या मराठीच्या दाराशी ते पन्नाशीच्या सुमारास पुन्हा गेले, बरोबर वाट दाखवायला एक जाणकार घेऊन. मला ते पुस्तक उशिरा कळले. तोवर मी निवृत्त झालो होतो. ज्या मुलाला मी "हो" म्हणून सांगितले होते, तो आता सोलापूरला असतो. कोजागिरीला चालत तुळजापूरला जाताना दर वर्षी आमच्या ओट्यावर टेकतो, चहा घेतो. या खेपेला तो आला की त्याला हे सगळे सांगणार आहे.